चौकटीबाहेर गेलेला कोळसा

तुमच्या घरातल्या पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलली की ती जुनी, काळी पडलेली कँडल कुठे जाते, हे तुम्ही कधी विचारलंय का?

आमच्या घरात असा प्रश्न विचारल्याशिवाय एक दिवस जात नसे. विचारणारी माझी आई. ती कलबुर्गीच्या एका कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगची प्राध्यापक आहे. आत गेलेली प्रत्येक गोष्ट कुठून तरी बाहेर पडलीच पाहिजे, हे शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. ती एकदाच हा प्रश्न अर्धवट विचारून थांबली. ते सगळं मी लिहितेय, कारण ती लाज आता तिची एकटीची राहिलेली नाही.

माझं वाढणं मात्र आईच्या पुस्तकांवर झालं नाही. माझ्या वडलांचा, अप्पांचा, बाजारात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर अप्पा चालायचे. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, स्वस्त पिवळा कागद. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. पत्रकाचं एक व्याकरण असतं. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, शेवटच्या ओळीत सामील व्हा. मधे शंकेला जागा नसते. कॉलेजात जाईपर्यंत मीही तशीच लिहायला लागले होते आणि आजही मला ते लिहिणं वाईट वाटत नाही. ज्यांना कोणी बोलू देत नाही त्यांना पत्रकाशिवाय दुसरं काय असतं?

आईचं सगळं आयुष्य त्या मधल्या, शंकेच्या जागेत गेलं. पीएचडीपासून पुढची कित्येक वर्षं ती एका उत्प्रेरकाच्या मागे होती. अ‍ॅल्युमिनाचे मण्यांएवढे गोळे, त्यांवर निकेल, ते गोळे एका नळीत, नळी भट्टीत. उत्प्रेरक म्हणजे जो क्रिया घडवून आणतो आणि स्वतः तसाच राहतो, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आई म्हणायची, लिहिणाऱ्यानं कधी भट्टी उघडून बघितलेलं दिसत नाही. तिचे गोळे काळे पडायचे, भुगा व्हायचे, जराशा गंधकानं निकामी व्हायचे. त्याला त्यांच्या विषयात विषबाधाच म्हणतात. उत्प्रेरक काम कसं करतो यापेक्षा तो मरतो कसा, हे बघण्यातच तिचा अर्धा काळ गेला. वर्गात कोणी दह्याच्या विरजणाचं उदाहरण दिलं की ती चिडायची. विरजण जिवंत असतं, वाढतं, त्याला उत्प्रेरक म्हणू नका, म्हणायची.

जेवताना अप्पा तिला छेडायचे.

"काय मॅडम, आज तुमचा निकेल जिता हाय का गेला?"

"गेला. तुमची क्रांती?"

"छापायलीय. शाई वाळली की येतीय."

"वाळूपर्यंत भाकरी खाऊन घ्या मग."

तिची एक सवय मला लहानपणी फार विचित्र वाटायची. कुठलीही प्रक्रिया कागदावर काढली की ती तिच्याभोवती ठिपक्यांची चौकट काढायची. चौकटीत बाणानं काय आलं, चौकटीतून बाणानं काय गेलं. दोन्हींची बेरीज जुळली नाही तर प्रयोग चुकला. घरातही तेच. काल पातेल्यात एवढं दूध होतं, इतकं प्यालं, इतकं आटलं, बेरीज लागत नाही. म्हणजे मांजर आलं होतं. आणि खरंच मागच्या खिडकीत मांजराच्या पायाचे ठसे असायचे. मला वाटायचं, जगातला कुठलाही चोर हिच्या चौकटीतून सुटणार नाही.

उत्प्रेरक सोडून ती मिसळलेलं वेगळं करण्याच्या शास्त्राकडे वळली, ते एका विहिरीमुळे. राजेश्वर हे गाव तिचं माहेर. तिच्या नात्यातली एक अक्का हुमनाबादच्या बाजूला दिलेली. मन्नाएखेळ्ळीला हायवे सोडून आत वळलं की ते गाव येतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लेकींची लग्नं व्हायची आहेत आणि पाणी खराब असलेल्या गावाशी सोयरीक करायला लोक कचरतात. गावाच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना झाला आणि काही वर्षांत विहिरीचं पाणी पिवळट झालं. वास यायचा. गोड, डोक्यात चढणारा वास. अक्कानं आम्हाला चहा दिला आणि आईनं पहिल्याच घोटाला कप खाली ठेवला.

"कामून, साखर जास्त झाली का?" अक्कानं विचारलं.

"पाणी कुठलं हे?"

"आमच्याच हिरीचं की. आता ह्येच हाय. तुमच्यासारखं बाटलीतलं आणायला आम्ही काय मंत्री हाव व्हय?"

आईनं तो चहा सगळा प्यायला. मला वाटतं, तिचं पुढचं संशोधन त्याच घोटात ठरलं.

आमच्याकडे तुरीचं पीक. शेंगा झोडपून झाल्या की तुराट्यांचे ढीग उरतात. आईनं त्या तुराट्यांचा कोळसा केला, त्यावर वाफेची प्रक्रिया केली आणि त्यातून ते पाणी सोडलं. पाणी नितळ बाहेर आलं. रंग गेला, वास गेला, आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रावर धातूही जवळजवळ दिसेनासे झाले. त्यावर तिचे शोधनिबंध आले, बाहेरच्या परिषदांना बोलावणी आली. पण तिचा खरा आनंद वेगळाच होता. गावात ओळीनं उभे केलेले निळे पिंप, त्यांत बोटाएवढे कोळशाचे तुकडे, शेवटच्या पिंपाला तोटी, आणि तोटीखाली घागर लावून भांडणाऱ्या बाया. कोळसा थकला, म्हणजे त्यात आणखी काही धरून ठेवायला जागा उरली नाही, की वास पुन्हा यायला लागायचा. मग जुना काढायचा, नवा भरायचा. हे सगळं अक्का बघायची. गावात कुणी रांग मोडली तर अक्काच्या तोंडापुढे त्याची धडगत नसे.

त्यावर पत्रक मी लिहिलं. कारखान्याचं विष, तुराटीचा उतारा. पहिल्या ओळीत विहीर, दुसऱ्या ओळीत कारखाना, शेवटी सामील व्हा. अप्पांनी ते दोन्ही भाषांत छापलं. आईनं वाचलं आणि एवढंच म्हणाली, "उतारा म्हणजे विष संपतं. इथं ते संपत नाही, नुसतं पाण्यातून कोळशात जातं."

"पत्रकात इतकं बारीक कोण वाचतं?" मी म्हटलं.

ती हसली. तिनंही पुढे विचारलं नाही की कोळशातून ते कुठं जातं. तिच्या निबंधातल्या आकृतीत मात्र ते होतं. पिंपांभोवती ठिपक्यांची चौकट, एक बाण पाण्याचा आत, एक बाहेर, आणि खालच्या कोपऱ्यातून निघालेला एक छोटा बाण. त्याच्यापुढे एकच शब्द. विल्हेवाट.

अक्काची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण आलं तेव्हा आईनं कॉलेजातून रजा काढली. असं ती सहसा करत नसे. आम्ही गेलो तेव्हा अंगणात चूल पेटली होती आणि बाया पाळण्याच्या दोरीला झेंडूची फुलं बांधत होत्या. अक्कानं आईला हाताला धरून थेट बाळंतिणीच्या खोलीत नेलं.

आमच्या भागात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, हे वेगळं सांगायला नको. कोळशाचे निखारे, वर ओवा आणि लसणाची सालं, दारं-खिडक्या बंद. आई आणि लेकरू दोघांना शेक मिळतो. खोलीत तोच धूर होता. आईनं बाळाला घेतलं, त्याच्या तळव्याला बोट लावलं आणि मग ती एकदम थबकली. तिनं एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. ओव्याच्या आणि लसणाच्या खालून तो दुसरा वास येत होता. गोड, डोक्यात चढणारा.

"अक्का, हा कोळसा कुठला?"

अक्काचा चेहरा फुलला. "वळखला न्हाई का? तुमचाच हाय की, मॅडम. पिंपातला. आम्ही काय फेकून देतो व्हय? माळवदावर वाळवून ठिवतो. धूर न्हाई, काई न्हाई. बाळंतिणीलाच देतो सगळा."

"सगळा?"

"मग? इतकं घाण पाणी साफ करतंय, ते किती साफ असंल. लेकरासाठी त्येच वापरावं म्हणलं. राख पण टाकत न्हाई. भांडी अशी निघत्यात."

आईनं बाळ बाळंतिणीच्या कुशीत दिलं, खाली वाकली आणि बाजेखालची शेगडी कान धरून ओढली. हात पोळला असणार. तशीच ती दोन्ही हातांनी उचलून बाहेर अंगणात नेली आणि तिच्यावर माती लोटली. मग आत येऊन खिडकी उघडली. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"यव्वा, वारं लागंल की तिला," एक म्हातारी म्हणाली. "काय करायलीस तू? शिकलेल्या बायांचं हे असं."

मी दारात उभी होते. आईच्या आधी मला कळलं असेल कदाचित, किंवा तिच्याबरोबरच. आणि खरं लिहायचं तर लेकराकडे बघण्याच्या आधी माझ्या डोक्यात पत्रक आलं. आता कारखानेवाले काय म्हणतील, हे आलं. नंतर मी बाळाकडे बघितलं. ते झोपेत ओठ हलवत होतं. तेव्हापासून माझ्या मनातला हा क्रम मला आवडेनासा झाला आहे.

परत येताना मन्नाएखेळ्ळीला चहाला थांबलो. आईनं गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटानं पिंप काढले, त्यांच्याभोवती ठिपक्यांची चौकट काढली. मग ती पुसून बरीच मोठी चौकट काढली, काचेच्या कडेपर्यंत.

"ही काढायला पाहिजे होती," ती म्हणाली. "गावाभोवती. माळवद, चूल, शेगडी, सगळं आत. मी पिंपांपाशीच थांबले."

"तुला कसं माहीत असणार ते शेगडीत घालतील?"

"मी राजेश्वरची आहे. आमच्या घरात कोळसा कधी कुणी टाकलेला मी बघितला नाही. मला माहीत नसणार तर कुणाला?"

बाहेरच्या देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाला ही चूक शोभली असती. तिकडे थकलेला कोळसा नेणारी गाडी येते. आईला ही चूक शोभत नव्हती. विल्हेवाट हा शब्द तिनं इंग्रजी निबंधांतून उचलला होता आणि ज्या गावात काही टाकून देत नाहीत त्या गावाच्या आकृतीत लिहून टाकला होता.

घरी अप्पांनी ऐकलं. मग म्हणाले, "गावात सांग. पण चारचौघांत नको. एकेकीला सांग. न्हाईतर कारखानेवाले उद्याच पत्रक काढतील, विष आमच्यामुळं न्हाई, प्राध्यापक बाईच्या कोळशामुळं झालं म्हणून."

"काढू देत," आई म्हणाली.

"आणि लोक मानतील ते."

"मग तुम्ही छापून द्या त्यांना. अक्षरं तरी नीट येतील."

अप्पा हसले नाहीत. मीही त्यांच्याच बाजूनं बोलले, हे इथं लपवत नाही. कारखाना निर्दोष ठरणार असेल तर सत्य थोडं उशिरा सांगितलं तर काय बिघडलं, असं मी म्हटलं. आईनं विचारलं, "उशिरा म्हणजे किती बाळंतिणी?"

तिनं अक्काला फोन करून सांगितलं की शेगडीत तो कोळसा घालू नका, मी येतेय, सगळ्यांशी बोलायचंय. अक्कानं गावात निरोप दिला, पण तिच्या पद्धतीनं दिला. मॅडम खास येणार आहेत, सगळ्यांनी या. आम्ही पोचलो तेव्हा कट्ट्यावर सतरंजी होती, मागे फ्लेक्स होता, त्यावर आईचा फोटो आणि खाली माझ्या पत्रकातली ओळ. कारखान्याचं विष, तुराटीचा उतारा. आई खुर्चीत बसायच्या आत एका वडीलधाऱ्या माणसानं तिच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. तिनं दोन्ही हात पुढे करून नको म्हटलं. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. आमच्याकडे माणूस लांबून आला की त्याचा सत्कार करतात, आणि सत्काराला नाही म्हणणाऱ्याचा जास्त करतात.

तिनं त्या शालीतच सांगितलं. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. पाण्यातलं विष संपलेलं नाही, कोळशात बसलेलं आहे. तो जाळला की काही धुरात जातं, काही राखेत राहतं. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. ही माझी चूक आहे.

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, तुमी मुद्दाम केलं का?" दुसऱ्यानं विचारलं, "मग आता पिंप बंद करायलाव का? पुन्हा हिरीचंच पाणी?" मागून एका म्हातारीनं विचारलं, "शेक कशावर द्यायचा मग, ते सांगा." अक्का उठली आणि लोकांवरच घसरली. "मॅडम रडायलीत ते दिसत न्हाई का तुमाला? पाणी आणा कुणीतरी." आणि कुणीतरी त्याच पिंपाच्या तोटीचं पाणी तांब्यात आणून आईच्या हातात दिलं. मला खाली बघावं लागलं.

तेवढ्यात अक्काची लेक बोलली. ती पदराखाली बाळाला घेऊन कट्ट्याच्या कडेला बसली होती. "मावशी, माझ्या पोरीला काय होईल का?"

आई प्राध्यापक आहे. विद्यार्थ्याला उत्तर येत नसेल तर ती त्याला मला माहीत नाही असं म्हणायला लावते, गोलगोल बोलू देत नाही. तिनं स्वतःलाही बोलू दिलं नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

लेक उठली आणि बाळाला घेऊन घरात गेली. दार लावून घेतलं. सगळ्या सभेत तेवढं एकच उत्तर आईच्या चुकीएवढं होतं. त्या दारासाठी आईला तिचा कधी राग आला नाही.

बाळाला बीदरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. आई बरोबर गेली होती, पण लेकीनं तिच्याकडे बाळ धरायला दिलं नाही. आज मुलगी रांगते, तिला खोकला होतो, बरा होतो. कोणत्या लेकराला होत नाही? आणि आता प्रत्येक खोकल्याला दोन घरांत माणसं गप्प होतात.

पिंप चालू आहेत. आई स्वतः जाते, जुना कोळसा आपल्या हातानं काढून पोत्यांत भरते. माळवदांवरचा, कोनाड्यांतला, बाळंतिणींसाठी जपून ठेवलेला कोळसाही बायांनी आणून दिला. डब्यांत, टोपल्यांत, जुन्या साडीत बांधून. काही जणींनी दिला नाही. त्यांना अजूनही वाटतं, मॅडमच्या कोळशाला आता मागणी आली असेल, म्हणून परत मागायलीय.

तिनं आपला निबंध छापणाऱ्यांना कळवलं की आकृतीत दुरुस्ती छापा. त्यांचं उत्तर सभ्य होतं. आकड्यांत कुठे चूक नाही, त्यामुळे दुरुस्ती छापता येत नाही. आकडे खरोखरच बरोबर आहेत. चौकटीच्या आतले सगळे आकडे बरोबर आहेत.

आणि ती पोती आमच्या घरी आहेत. घातक कचरा घेणारी जागा आहे, पण ती कारखान्यांकडून घेते. नोंद असलेला कारखाना पाहिजे. एका बाईनं गावातून गोळा केलेली पोती कुणाच्याच नियमात बसत नाहीत. म्हणजे ज्यानं विष सोडलं त्याचा कचरा घ्यायला जागा आहे, ज्यांनी ते पाण्यातून वेगळं केलं त्यांचा घ्यायला नाही. कारखाना निर्दोष नाही, हे मी कुठल्याही कट्ट्यावर म्हणेन. पण आता ते म्हणताना पत्र्याच्या शेडमधली पोती माझ्या पाठीमागे असतात आणि माझं बोट पूर्वीइतकं सरळ उठत नाही. अप्पांचे कागदाचे गठ्ठे हलवून आम्ही ती जागा केली. पावसात शेड गळू नये म्हणून आई ढग दिसले की आधी पत्रे बघते. लोकांच्या घरी धान्याची काळजी घेतात तशी.

अप्पा परवा म्हणाले, यावर पत्रक लिही. मी बसले. पहिल्या ओळीत अन्याय आला. दुसऱ्या ओळीत कुणाचं नाव लिहायचं तिथं माझा हात थांबला, कारण तिथं एकापेक्षा जास्त नावं होती आणि त्यांतलं एक माझ्या घरातलं होतं. पत्रकात ते मावलं नाही. म्हणून हे.

शेवटची ओळ मात्र मी सोडणार नाही, ती माझी सवय आहे. आता तुमच्या घरी फिल्टरवाला येईल तेव्हा जुनी कँडल त्याच्या पिशवीत जाऊ देऊ नका. ती हातात धरा आणि त्याला विचारा, ही कुठं जाणार? त्याला माहीत नसेल, तर ज्यानं त्याला पाठवलं त्याला विचारा, मग नगरपालिकेत विचारा, मग ज्यांना मत दिलं त्यांना. उत्तर मिळेपर्यंत ती परत देऊ नका. घरातच ठेवा, रोज दिसेल अशा जागी. आणि तुमच्या गावात आमच्यासारखे पिंप उभे असतील, तर आज तोटीजवळ उभं राहू नका. मागे जा, आणि जुना कोळसा कुणाच्या घरात गेलाय ते बघून या.